घर चाकांवर, शेजारी रानातले

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॅराव्हॅन घेऊन कोकण किनाऱ्यावर सहकुटुंब राहायला निघालेल्यांची बरीच पत्रं या वेळी आली आहेत. रस्ते, फेरीबोटी आणि डिझेल यांच्याबद्दल थोडी, बाकी सगळी प्राण्यांबद्दल. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : फेब्रुवारीच्या शेवटी वेळास, आंजर्ले, गुहागर असा चार दिवसांचा बेत आहे. भाड्याची कॅराव्हॅन, बरोबर सात आणि अकरा वर्षांची मुलं. गाडी वाळूवरच लावून झोपलो तर रात्री कासव आल्यावर मुलांना दारातूनच दाखवता येईल, असा विचार आहे. हरकत नाही ना? (पुणे)

बेत छान, गाडीची जागा मात्र बदला. ‘सगळेच नेतात’ असं कोणी सांगितलं तरी वाळूवर गाडी घालू नका. बहुतेक किनाऱ्यांवर मनाईचे फलक असतात, पण फलक नसला तरीही नाही.

इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत दीडेक फूट खोल खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. मग वाळू लोटून, अंगाने थोपटून खड्डा असा बुजवते की वरून काही कळत नाही. तीन-साडेतीन टनांची गाडी त्यावरून गेली की वाळू दाबून बसते आणि ४५ ते ६० दिवसांनी वर येऊ पाहणारी पिल्लं आतच कोंडतात. घरटं वाचलं तरी चाकोरी राहतेच. पिल्लाचं कवच जेमतेम चार सेंटिमीटरचं. टायरची अर्धी वीत खोल चाकोरी म्हणजे त्याच्या दृष्टीने खंदक. त्यात पडलं की समुद्राच्या बाजूने चढता येत नाही, म्हणून ते चाकोरीतूनच किनाऱ्याला समांतर चालत राहतं. उजाडेपर्यंत दमतं आणि कावळ्या-घारींच्या तोंडी जातं.

गाडीचंही भलं त्यातच आहे. ओहोटीला डांबरासारखी टणक वाटणारी ओली वाळू चाक जागेवर फिरलं की पातळ होते, आणि मागे जोडचाकं असलेली जड गाडी बघता बघता पोटावर बसते. तोवर भरती लागलेली असते. भरतीचा जुना कोकणी हिशेब मुलांनाही शिकवून ठेवा : तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. एकदा दिवसा, एकदा रात्री. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, तेव्हा पाणी रोजच्या रेषेच्या बरंच वर चढतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा कमी. वाळूत उतरायच्या वेळा या हिशेबाने ठरवा. गाडी गावात, मुक्कामाची सोय असलेल्या एखाद्या घराच्या अंगणात किंवा सुरूच्या बनाच्या अलीकडे, परवानगी घेऊन लावा.

तरी गाडी किनाऱ्यावरून दिसत असेल, तर काळोख पडल्यावर बाहेरचा दिवा बंद आणि समुद्राकडचे पडदे ओढलेले. पिल्लं खालच्या क्षितिजावर जिकडे जास्त उजेड तिकडे चालतात. उघड्या समुद्रावर रात्री तोच भाग उजळ असतो, म्हणून ही युक्ती लाखो वर्षं चालली. एका पांढऱ्या एलईडी दिव्याने ती फसते. चालताना बॅटरी लागलीच तर काचेवर लाल जिलेटीन कागदाची दुहेरी घडी रबरबँडने बांधा. मोबाइलची बॅटरी खिशातच असू द्या.

फेरफटक्यात मादी दिसलीच, तर सगळ्यांनी आहे तिथे खाली बसायचं. ती पाण्यातून वर येत असताना हालचाल किंवा उजेड दिसला तर अंडी न घालताच परत फिरते. तिच्या मागे, दहा-पंधरा मीटर अंतरावर राहा. तिच्या तोंडासमोर किंवा ती आणि समुद्र यांच्या मध्ये कोणी जायचं नाही. फ्लॅश नको, पाठीवर हात नको, ‘एकच सेल्फी’ तर नकोच. वर येऊन परत जाईपर्यंत साधारण तासभर लागतो. सात वर्षांच्या मुलाला एवढा वेळ गप्प बसणं जमणार नसेल तर त्याला आधीच गाडीत निजवलेलं बरं. ती गेल्यावर वाळूत सत्तर-ऐंशी सेंटिमीटर रुंद, ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग उरतो. तो पुसू नका, उकरू नका. गावातल्या कासवमित्राला किंवा वनरक्षकाला लगेच कळवा, कारण कोल्हे आणि भटकी कुत्री पहाटेपर्यंत थांबत नाहीत. अंडी हलवायची तर पहिल्या काही तासांतच आणि न फिरवता. पुढे गर्भ कवचाच्या आतल्या अंगाला चिकटतो आणि अंडं उलटंपालटं झालं की मरतो. म्हणून ते काम शिकलेल्या हातांचंच. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा अंड्यांना हात लावणं हा गुन्हाही आहे.

खरं सांगायचं तर मुलांना दाखवण्यासारखं दृश्य मध्यरात्रीचं नाहीच. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी कुंपणात जपायला सुरुवात केली, आणि आता किनाऱ्यावरच्या अनेक गावांत वन विभाग आणि कासवमित्र हेच करतात. फेब्रुवारी ते मे या काळात, पिल्लं बाहेर आली असतील त्या दिवशी, सूर्योदयाच्या सुमाराला आणि सूर्यास्ताआधी ती वाळूवर सोडतात. दोरीच्या मागे उभं राहायचं आणि पिल्लू पाण्यापर्यंत स्वतः चालत जाताना बघायचं. उचलून पाण्यात टाकायचं नाही. थोरल्यासाठी एक गोष्ट : घरट्यातली वाळू साधारण २९-३० अंशांपेक्षा गरम असली तर माद्या जास्त होतात, थंड असली तर नर. आणखी एक : २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला पाठीवर उपग्रहयंत्र लावून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती.

मात्र पिल्लं कुठल्या दिवशी येतील हे कोणी ठरवून देत नाही. निघण्याआधी गावात फोन करा, आणि चारपैकी दोन मुक्काम एकाच किनाऱ्यावर ठेवा.

प्रश्न : गणपतीपुळ्याच्या वाटेवर माकडांनी उघड्या खिडकीतून पाव पळवला आणि आरसा वाकवला. पुन्हा जाणार आहोत. फटाके, गुलेल यांतलं काही बरोबर ठेवावं का? (सातारा)

दोन्ही नको. दगड मारून पळवलेला कळप दहा मिनिटांत दुसऱ्या बाजूने येतो आणि या वेळी चिडलेला असतो. कोकणात दोघांशी गाठ पडते : लांब शेपटीचं, काळ्या तोंडाचं वानर आणि गटागटाने फिरणारं, डोक्यावर केसांचा भांग असलेलं लाल तोंडाचं माकड. गाडीत शिरणारं बहुतेक वेळा दुसरं. त्याला प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे खाऊ हे पक्कं कळलेलं आहे, आत औषधं असोत की चपला. म्हणून सामान कापडी पिशवीत आणि तीही कपाटात. केळी, आंबे, पाव काचेजवळच्या ओट्यावर ठेवू नका. स्वयंपाक चालू असताना छतावरची खिडकी उघडी ठेवण्याची सवय असते. माकड सर्वांत आधी तिथेच डोकावतं. तिला आतून बारीक तारेची जाळी खिळ्यांनी नाही, स्क्रूने बसवून घ्या. नुसती मच्छरदाणीची जाळी ते बोटाने फाडतं.

आरशाचं कारण वेगळं. नराला आरशात दुसरा नर दिसतो आणि तो त्याच्याशी भांडतो. गाडी उभी केली की दोन्ही आरशांवर जुन्या पायजम्याचे कापलेले पाय चढवायचे आणि नाडीने बांधायचे. दिसायला विचित्र, पण काम चोख.

समोर आलंच तर डोळ्यांत डोळे घालून बघू नका आणि दात दाखवून हसू नका. त्याच्या भाषेत ती धमकी. मुलाच्या हातात पुडा असेल तर सोडून द्यायला सांगा. ओढाताण झाली की चावा ठरलेला.

चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. गाडीतला छोटा फवारा मिनिटाला चारेक लिटर पाणी घेतो, म्हणजे ६० लिटर लागतील. टाकीत तेवढं नेहमी शिल्लक असू द्या. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, पट्टी करकचून बांधायची नाही. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय गाठून रेबीजची लस सुरू करा. कातडीत द्यायची असेल तर शून्य, तीन, सात आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर चौदावा दिवसही. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं, ते तिथे आहे का हे निघण्याआधी फोनवर विचारा. कुत्र्याच्या चाव्यालाही हेच सगळं. सुट्टी संपली म्हणून पुढचे डोस बुडवू नका. कार्ड दाखवून ते गावी परतल्यावर घेता येतात.

दक्षिण सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-बांद्याकडे जाणार असाल तर माकडताप लक्षात ठेवा. २०१६ पासून तिथे रुग्ण सापडले आहेत. तो माकडाच्या चाव्याने होत नाही, गोचिडीने होतो, आणि जानेवारी ते मे हा त्याचा मोसम. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. पालापाचोळ्यावर सतरंजी अंथरून बसू नका. रानातून आल्यावर मुलांच्या काखा, गुडघ्यामागची बाजू आणि कानामागे तपासा.

प्रश्न : मुलीने शंख गोळा केले. रात्री त्यातला एक चालू लागला! घरी आणून काचेच्या पेटीत ठेवला तर जगेल का? (ठाणे)

नाही. तो शंखात राहणारा खेकडा आहे, त्याला खाऱ्या पाण्याचा ओलावा आणि वाढेल तसा मोठा शंख लागतो. जिथे सापडला तिथेच, भरतीच्या रेषेजवळ, सावलीत ठेवून या. रिकामे शंखही मूठभरच घ्या, कारण तुम्ही नेलेला प्रत्येक शंख म्हणजे कोणातरी खेकड्याचं पुढचं घर. आणि निमुळता, शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख जिवंत असेल तर हातात धरूच नका; त्यातली गोगलगाय विषारी काटा मारते.

प्रश्न : देवगड-रत्नागिरीच्या बाजूला कातळसड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, सूर्यास्त अप्रतिम दिसतो म्हणतात. रात्री गाडी तिथेच लावणार आहोत. पण फुरसं आणि विंचू यांची भीती घरच्यांनी घातली आहे. भीती खरी की उगाच? (कोल्हापूर)

खरी. पण तिचा बंदोबस्त करता येतो, आणि तो बहुतेक गाडीभोवतीच करायचा असतो.

फुरसं कोकणात फार मोठं होत नाही, हातभर असेल-नसेल. मातकट रंग, अंगावर फिकट नागमोडी रेघा, डोक्यावर बाणासारखी खूण. जांभ्याच्या सैल दगडांखाली, पाल्यात दिवस काढतं आणि रात्री बाहेर येतं. डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खर्र आवाज करतं. तो आवाज आला की पाय आहे तिथे ठेवायचा, बॅटरी लावायची, मग मागे यायचं.

आता गाडी साप कशी बोलावते ते बघा. दारावरचा पांढरा दिवा लावला की किडे येतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक, बेडकांमागे साप. भांडी धुतलेलं पाणी गाडीखाली ठिबकत असेल तर सड्यावरच्या कोरड्या रात्री तो बेडकांसाठी पाणवठाच. सांडलेल्या भातावर उंदीर येतो, तोही सापाचंच जेवण. म्हणून दारावर मंद पिवळा दिवा, तोही कामापुरता. सांडपाण्याच्या टाकीचा नळ घट्ट. जेवण झाल्यावर पायरीभोवतीची जागा झाडलेली. बाहेरून वीज आत घेतो त्या वायरीच्या भोकात फोमचा बोळा.

गाडी लावताना दगडांच्या ढिगापासून, गडग्यापासून आणि वाळलेल्या गवतापासून निदान दहा पावलं दूर. पायरीखाली रात्री हात घालायचा नाही. चपला बाहेर ठेवायच्याच नाहीत. ठेवल्या तर सकाळी उलट्या करून आपटायच्या. दाराबाहेरचं पायपुसणं उचलताना लांबची कड काठीने उचलायची, जवळची नाही. म्हणजे खाली काही असेल तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये पायपुसणं राहतं. चाकाखालचे लाकडी ठोकळे काढताना आणि बाहेरचं छप्पर गुंडाळताना हेच. गुंडाळीत विंचू हमखास सापडतो.

विंचवासाठी एक स्वस्त उपाय आहे. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची, घ्या. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. रात्री पायरीभोवती आणि चाकांजवळ दोन मिनिटं फिरवली की काम झालं. डोळ्यांवर मारायची नाही, मुलांच्या खेळण्यात ठेवायची नाही.

साप चावला तर माणसाला आडवं करा आणि चावलेला हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. अंगठ्या, पैंजण, घड्याळ काढा. वेळ लिहून ठेवा. १०८ ला फोन करा किंवा सरळ निघा. आवळपट्टी नाही, चिरा नाही, चोखणं नाही, मांत्रिक नाही, साप मारून बरोबर नेणं नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप ओळखता आला नाही म्हणून काही अडत नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, आणि हे सुरुवातीला वरून दिसत नाही. चावा छोटा, दुखणं बेताचं, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणाल तर फसाल. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून ते गोठतं का बघतात.

लाल विंचवाची गोष्ट उलटी. दुखतं प्रचंड, पण दुखण्यापेक्षा घाम, उलट्या आणि गार पडलेले हातपाय या धोक्याच्या खुणा, मुलांत जास्तच. विषाचा घाला हृदय-फुप्फुसांवर पडतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध यावर चालतं हे दाखवलं आणि कोकणातले मृत्यू खूप खाली आले. गोळी मात्र डॉक्टरांनी द्यायची, रक्तदाब बघून. तुमचं काम लवकर पोहोचवण्याचं. म्हणून सड्यावर उजेडीच जाऊन जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता बघून ठेवा. रात्री नेटवर्क नसतं आणि कातळावर वाट ओळखू येत नाही.

प्रश्न : पाण्यात पाय टाकताच मुलाच्या पोटरीवर निळी दोरी गुंडाळल्यासारखी झाली आणि तो किंचाळला. कोणी वाळू चोळा म्हणालं, कोणी गोडं पाणी. आम्ही दोन्ही केलं, आग वाढली. नेमकं काय करायचं असतं? (मुंबई)

वर्णनावरून ती ब्लू बॉटल, जेलीफिशसारखा एक समुद्री जीव. निळसर फुग्यासारखी पाण्यावर तरंगते आणि खाली कित्येक फूट लांब धागे सोडते. पावसाळ्यात वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागते. धाग्यावर हजारो सूक्ष्म सुया गुंडाळून बसलेल्या असतात. चोळलं की त्या दाबाने सुटतात, गोडं पाणी लागलं की क्षार बदलल्याने सुटतात. तुमची दोन्ही औषधं म्हणूनच उलटली. वाळूवर पडलेल्या, सुकल्यासारख्या दिसणाऱ्या ब्लू बॉटललाही बोट लावू नका.

आधी समुद्राचंच पाणी ओतून धागे सुटू द्या, उरलेले चिमट्याने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने, न घासता उचला. मग गरम पाणी. ४५ अंशांचं, २० मिनिटं. कॅराव्हॅनमध्ये शेगडी आहे, थर्मामीटर नसतो, म्हणून हिशेब सांगतो : एक लिटर उकळतं पाणी तीन लिटर नळाच्या पाण्यात मिसळलं की ते साधारण ४५-४६ अंशांवर येतं. आधी मोठ्या माणसाने स्वतःचा कोपर बुडवून बघायचा. मुलाच्या दुखऱ्या पायाला गरम किती हे कळत नाही, त्याच्या सांगण्यावर जाऊ नका. पाच मिनिटांनी पाणी निवतं. पाय बाहेर काढून मगच नवं उकळतं पाणी मिसळायचं. व्हिनेगरवर तज्ज्ञांचं एकमत नाही, तेव्हा ब्लू बॉटलला ते वगळा. श्वास लागला, छातीत दुखलं, ओठ सुजले तर १०८.

हेच गरम पाणी पाकटाच्या काट्यालाही चालतं. पाकट हा चपटा मासा (स्टिंग रे) उथळ पाण्यात वाळू अंगावर ओढून पडून असतं. पाय पडला की शेपूट उलटून करवती काटा मारतं. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर गणेशविसर्जनाच्या वेळी अनेकांना असाच प्रसाद मिळाला होता. पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकायचं नाही, वाळूत घसटत न्यायचं. धक्का लागला की ते आपणहून सरकतं. काटा लागल्यास पाय गरम पाण्यात तीस ते नव्वद मिनिटं, नंतर दवाखान्यात जखम साफ करून धनुर्वाताचं इंजेक्शन. काटा खोल रुतला असेल किंवा पोटात, छातीत, मानेत असेल तर उपटू नका.

जाळ्यातून वाळूवर टाकलेला, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा साप दिसला तर तो समुद्रसाप. मेल्यासारखा पडला तरी दूर राहा. आपल्याकडचं चौघांवर चालणारं प्रतिविष त्याच्या विषावर उपयोगी नाही.

प्रश्न : चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या काठी एक मोकळी जागा पाहून ठेवली आहे. बरोबर कुत्रा आहे. मगरी असतात असं ऐकलं, पण त्या तर लाजाळू असतात ना? (नाशिक)

दिवसा, माणसांच्या गलबल्यात लाजाळू. संध्याकाळनंतर कुत्रा काठावर पाणी प्यायला वाकला तर नाही. वाशिष्ठीत आणि महाडजवळ सावित्रीत मगरी चांगल्या संख्येने आहेत, नावेतून दाखवायलाही नेतात, आणि बघायच्या तर तशाच बघा. ही जागा सोडा. काठाला उतार असेल आणि चिखलात पोट घासल्याचा गुळगुळीत पट्टा दिसला तर ती त्यांची ऊन खायची जागा, तिथे कोणीच थांबू नये.

दुसऱ्या एखाद्या खाडीकाठी राहायचंच असेल तर गाडी काठापासून निदान पन्नास पावलं आत, चढावर. भांडी काठावर धुवायची नाहीत. मासळीची आतडी आणि खवलं पाण्यात टाकायची नाहीत. सर्वांत मोठी चूक म्हणजे रोज त्याच वेळी त्याच जागी पाणी भरायला जाणं. मगर वेळ शिकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मादी काठच्या वाळूत अंडी घालते आणि घरट्याची राखण करते, तेव्हा तिच्यात लाज वगैरे काही नसते. कुत्र्याला काळोखात गाडीतच ठेवा. तळकोकणात नि दापोलीकडेही बिबट्या वाडीत येतो आणि बांधलेला कुत्रा त्याला आयता मिळतो.

प्रश्न : डॉल्फिन बघायला कुठली बोट घ्यावी? आणि सीगलना बेसनाच्या गाठी खायला घातल्या तर चालतात का? (सोलापूर)

कोकणातला गादा, म्हणजे कुबड असलेला डॉल्फिन, किनाऱ्याजवळच असतो. हर्णै, दाभोळ, तारकर्ली-देवबाग, निवती अशा ठिकाणांहून बोटी निघतात. हिवाळ्यात, सकाळी, वारा उठायच्या आत जा. बोट ठरवताना तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, एकच विचारा : ‘गादे दिसले की इंजिन बंद ठेवाल का?’ जो ‘पाठलाग करून जवळून दाखवतो’ म्हणेल त्याची बोट सोडा. पन्नासेक मीटरवर इंजिन थांबवून शांत बसलं तर ते बरेचदा स्वतः बोटीजवळून जातात. पाठी लागलं तर एकदा पाठ दाखवून खाली जातात ते गेलेच.

गाठी नको, फरसाण तर मुळीच नको. कुरव, म्हणजे सीगल, हे मासे खाणारे पक्षी. तेल, मीठ, बेसन यांनी पोट भरतं आणि पोषण होत नाही. शिवाय हातातलं हिसकायची सवय लागते, ती पुढे गाडीच्या दारापर्यंत येते.

प्रश्न : सकाळी जाळ्यात गुरफटलेलं जिवंत कासव वाळूवर दिसलं. आम्ही जाळं कापून ते लगेच समुद्रात ढकललं. बरोबर केलं ना? (पनवेल)

मनाने बरोबर, पण ढकलणं घाईचं झालं. जाळ्यात अडकलेल्या कासवाच्या फुप्फुसात पाणी गेलेलं असू शकतं, किंवा पंखासारखा पाय आवळून मेलेला असतो. ते पाण्यात बुडतं. पुढच्या वेळी १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर फोन करा आणि माणसं येईपर्यंत ते पालथंच, सावलीत ठेवा, उताणं करू नका. पाठीवर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या. कातडीत रुतलेली दोरी उपटू नका, दोन्ही बाजूंनी कापून तेवढा तुकडा तसाच राहू द्या. डॉल्फिन लागला तर तोही पोटावर, डोक्यावरचं श्वासाचं भोक उघडं ठेवून, शेपूट न ओढता. कुत्री आणि गर्दी दूर ठेवायला मात्र दोन माणसं लागतात, आणि ते काम मोठ्या मुलांना छान जमतं.

प्रश्न : माडाच्या बागेत दोन रात्री राहिलो. परत आल्यावर गाडीत उंदीर आहे असं लक्षात आलं. औषध घालू का? (सांगली)

औषध नको. विष खाऊन तो छताच्या पोकळीत किंवा फ्रिजमागे मरतो, आणि मग वास जायला महिना लागतो. पिंजरा लावा, आत खोबऱ्याचा भाजलेला तुकडा किंवा सुकट, आणि दोन रात्री गाडीत दुसरं काही खायचं ठेवू नका. तो धरला की आला कुठून ते शोधा : बहुतेक वेळा सांडपाण्याच्या नळीभोवतीची फट किंवा गॅसच्या कप्प्याची खालची जाळी. करंगळी जाते तिथे पिल्लू जातं. त्या फटीत भांडी घासायचा स्टीलचा काथ्या ठासून वरून सीलंट भरा. नुसता फोम तो कुरतडतो.

मग फ्रिजमागच्या वायरी आणि फ्यूजची पेटी बघा. आणि शेगडी पेटवण्याआधी गॅसची रबरी नळी पूर्ण लांबीभर, दोन्ही टोकांच्या क्लिपांसकट, हाताने चाचपून बघा. दाताची बारीक खूण दिसली तरी नळी बदला, चिकटपट्टी लावू नका. नवी बसवल्यावर सिलिंडरची कळ उघडून, शेगडी बंद ठेवून, साबणाचं पाणी ब्रशने सगळ्या जोडांवर लावा. बुडबुडे आले तर कळ बंद करा, सगळी दारं-खिडक्या उघडा, विजेचं कुठलंही बटण दाबू नका आणि गॅसवाल्याला बोलवा.